थाळनेरचे घुमट आणि चुन्याचा हुन्नर

जुन्या इमारती वाचवायच्या तर आधी जुना कारागीर वाचवावा लागेल

दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचा हंगाम सुरू झाला की सगळ्या गावाला ठसका लागतो. व्यापारी, अडते, हमाल, ट्रकवाले, कोणालाच मान वर करायला फुरसत नसते. पण याच गावात आणखी एक वर्ग आहे, ज्याच्याकडे बाजाराचे लक्ष क्वचितच जाते. पिशवीत थापी, रंधा आणि ओळंबा घालून सकाळी कामाची वाट पाहणारा गवंडी. काम मिळाले तर स्लॅबचे, विटांचे, टाइल्सचे. नाही मिळाले तर सुरतेची गाडी आहेच. तापी खोऱ्याच्या या रेल्वेने आपल्या भागाचा माल जसा बाहेर नेला, तसे हातही बाहेर नेले.

आज या पानावर आम्ही या हातांविषयी लिहिणार आहोत. विषय वरकरणी इतिहासाचा वाटेल. जुने मकबरे, जुन्या मशिदी, घुमट आणि कमानी. वाचक म्हणतील, व्यापाराच्या पानावर हे कशाला? आमचे म्हणणे असे की हा व्यापाराचाच विषय आहे. ज्या इमारतींचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्या दुरुस्त करू शकणारा माणूस आज शोधावा लागतो. जो शोधावा लागतो त्याला भाव असतो. पण हा हुन्नर शिकलेली पिढी थकत चालली आहे आणि तिच्या हाताखाली शिकणारा कोणी नाही. आज जे दहा-वीस हात शिल्लक असतील ते गेले, तर पैसे मोजूनही हे काम होणार नाही.

खानदेशची पहिली राजधानी

दोंडाईच्याहून तापी ओलांडून शिरपूरकडे गेले की पुढे थाळनेर लागते. आज ते तापीकाठचे एक गाव आहे. पण खानदेशच्या फारूकी घराण्याची सुरुवात इथून झाली. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा याला थाळनेर आणि करंदा हा मुलूख दिला. पुढे त्याने स्वतंत्र कारभार सुरू केला. हे घराणे आपला वंश हजरत उमर फारूक (रजि.) यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून ते फारूकी. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, खानदेशवर या घराण्याचे राज्य होते.

या घराण्याचे पहिले चार राज्यकर्ते, मलिक राजा, नसीर खान, मिरान आदिल खान आणि मिरान मुबारक खान, थाळनेरलाच दफन आहेत. त्यातला शेवटचा, मिरान मुबारक, १४५७ मध्ये वारला. म्हणजे या इमारती साडेपाचशे-सहाशे वर्षांच्या आहेत. त्यांच्या घडणीवर शेजारच्या माळव्याची, मांडूच्या मकबऱ्यांची छाप आहे, असे जाणकार सांगतात. त्यातला एक मकबरा अष्टकोनी आहे आणि त्याच्या बाहेरच्या अंगावरचे कोरीव काम पाहिले की पाथरवटाने किती दिवस तिथे छिन्नी चालवली असेल, याचा मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. हे मकबरे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.

कबरींवर इमारती बांधण्याविषयी उलेमांची मते आपल्याला ठाऊक आहेत. त्या चर्चेत आम्ही इथे शिरत नाही. जे उभे आहे ते इतिहासाचे कागद आहेत, आणि त्या कागदांवर राजांइतकीच सही गवंड्याची आणि पाथरवटाची आहे. राजांची नावे तवारीखमध्ये आली. ज्यांनी घुमट बांधले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

लोखंडाशिवाय उभा घुमट

या इमारतींत लोखंडी सळई नाही, सिमेंट नाही. दगड, वीट आणि चुना. कमानीचा प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर भार टाकतो, तो भार भिंतीत उतरतो, भिंतीतून पायात जातो. सगळे वजन दाबाने तोलले आहे. ओढ लागेल अशी जागाच कारागिराने ठेवली नाही, म्हणून सळईची गरज पडली नाही. आपल्या आजच्या स्लॅबचे उलटे आहे. स्लॅबची ताकद सळईत असते. तिच्यापर्यंत पाणी पोहोचले की तिला गंज लागतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे खाली पडू लागतात. गावोगावी चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींचे छज्जे कसे गळून पडतात, हे आपण रोज पाहतो.

दगड-विटांना धरून ठेवतो तो चुना. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुलतो. हा विझवलेला चुना हौदात पाण्याखाली मुरू द्यायचा. जितका जास्त मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. मग वाळू किंवा विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, घालून घाणीत दळायचा. बैल गोल फिरतो आहे, दगडी चाक चरातून चालले आहे आणि चुना दळला जातो आहे, हे दृश्य आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. काही कारागीर त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, मेथी किंवा हिरडा घालत. प्रत्येक उस्तादाचे माप वेगळे आणि ते माप घराबाहेर जात नसे. हुन्नर बुडायला हेही एक कारण झाले, हे मान्य केले पाहिजे.

भिंतीत गेलेला चुना हळूहळू हवेतला तोच वायू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. या कामाला महिने, कधी वर्षे लागतात. म्हणून चुन्याचे काम पातळ थरांनी करावे लागते, ओले ठेवावे लागते, कडक उन्हापासून आणि धो धो पावसापासून जपावे लागते. घाईच्या ठेकेदाराला हे परवडत नाही. सिमेंट दुसऱ्या दिवशी घट्ट होते. चुना सब्र मागतो.

सिमेंटने केलेले नुकसान

एका वृद्ध मिस्त्रीचाचांशी आम्ही या विषयावर बराच वेळ बोललो. तरुणपणी त्यांनी वडिलांच्या हाताखाली चुन्याचे काम केले होते, पुढची सगळी उमर सिमेंटमध्ये गेली. आम्ही विचारले, "चाचा, सिमेंट जास्त मजबूत ना?" ते म्हणाले, "मजबूत आहे, पण जुन्या भिंतीला घाम येतो बेटा. त्याला बाहेर यायला वाट ठेवावी लागते."

चाचा शाळेत फारसे गेलेले नाहीत, पण त्यांनी सांगितले तेच आज इंजिनिअर सांगतात. जुनी भिंत जमिनीतून आणि पावसातून थोडी ओल घेते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडते. त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. ओलीबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे खडे बनतात आणि ते विटेला आतून फोडू लागतात. वरून भिंत नवी दिसते, आत पीठ होत असते. त्यावर ऑइल पेंटचा हात फिरवला तर उरलीसुरली वाटही बंद.

असाच एक प्रकार आम्ही जवळून पाहिला. गावाचे नाव सांगत नाही. तिथल्या जुन्या मशिदीच्या घुमटाला बारीक चिरा पडल्या होत्या. जमातीने मोठ्या आस्थेने चंदा गोळा केला, आम्हीही आमचा वाटा दिला. ठेकेदाराने जुना चुना खरवडून सिमेंटचा जाड थर दिला आणि वर चकचकीत रंग लावला. सगळे खूश झाले, आम्हीही झालो. दोन पावसाळे गेले आणि मिहराबच्या बाजूची भिंत फुगली, गिलावा तळव्याएवढ्या खपल्यांनी पडू लागला. मग बैठक बसली आणि ठरले की इमारत जुनी झाली, पाडून नवीच बांधू. नियत कोणाचीच वाईट नव्हती. पण इमारत जुनी झाली म्हणून खराब झाली नव्हती. ती आपल्याच पैशाने आजारी पडली होती. हे आम्हाला तेव्हा कळले नाही, याची खंत आजही आहे.

दिल्लीत काय घडले

हे फक्त आपल्या खेड्यापाड्यांत झाले असे नाही. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावरही विसाव्या शतकात सिमेंट चढवले गेले होते. २००७ मध्ये आगाखान सांस्कृतिक ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर तिथे मोठे काम हाती घेतले आणि ते २०१३ मध्ये पूर्ण झाले. कामाची सुरुवात बांधण्याने नाही, काढण्याने झाली. एकट्या छतावरून दहा लाख किलोहून अधिक काँक्रीट कारागिरांनी हातांनी उतरवले. मग चुन्याचे थर पुन्हा देण्यात आले. गवंडी, पाथरवट, सुतार अशा उस्ताद कारागिरांना या एका कामातून सुमारे दोन लाख दिवसांचे काम मिळाले. छत्र्यांवरच्या रंगीत टाइल्स बनवण्याची कला इथे लोपली होती, म्हणून उझबेकिस्तानातून कारागीर बोलावले आणि शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतल्या तरुणांना ती शिकवली.

वाचकांनी दोन लाख दिवस या आकड्यावर थोडे थांबावे. एक माणूस वर्षात तीनशे दिवस काम करतो असे धरले, तर ही साडेसहाशेहून अधिक माणसांची एका वर्षाची रोजी झाली. आणि ती कारखान्यातून नाही, मोठ्या यंत्रातून नाही, थापी आणि छिन्नीतून आली. त्याच ट्रस्टने पुढे हैदराबादच्या कुतुबशाही मकबऱ्यांचे काम २०१३ मध्ये सुरू केले आणि ते २०२४ मध्ये पूर्ण झाले. तिथेही चुना आणि उस्ताद कारागीरच होते.

आफ्रिकेतल्या माली देशात जेन्ने नावाचे गाव आहे. तिथली जामा मशीद मातीची आहे, आजची इमारत १९०७ ची. दरवर्षी सगळे गाव मिळून तिला नवा गिलावा करते. तरुण माती वाहतात, बाया पाणी आणतात आणि गवंड्यांची बिरादरी देखरेख करते. मातीची मशीद शंभर वर्षांहून अधिक टिकली, कारण तिच्याबरोबर तिचे गवंडीही टिकवले गेले.

बुऱ्हाणपूर फार दूर नाही

दिल्ली आणि माली दूर वाटत असतील तर भुसावळच्या पुढे बुऱ्हाणपूर आहे. आज ते मध्य प्रदेशात असले तरी इतिहासाने खानदेशचेच. फारूकी राजा आदिलशाह, म्हणजे राजा अली खान, याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जामा मशीद बांधली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. ज्यांना वाटते की या इमारती फक्त एका समाजाच्या आहेत, त्यांनी तो लेख जरूर पाहावा. याच शहरात खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, जमिनीखालून पाणी आणणारी कुंडी भंडाऱ्याची व्यवस्था झाली. विहिरींची एक रांग, खालून बोगदा आणि उताराने वाहत शहराकडे येणारे पाणी.

बुऱ्हाणपूर हे जिवंत शहर आहे. मशिदीत नमाज होते, भोवती बाजार भरतो. जुन्या इमारतीसमोर खरी परीक्षा अशा ठिकाणीच असते. नमाजी वाढतात, जागा कमी पडते, रस्ता रुंद होतो, दुकानदाराला आणखी एक मजला हवा असतो. या गरजा खऱ्या आहेत आणि त्या आम्ही नाकारत नाही. पण जागा कमी पडते म्हणून जुना गाभा पाडणे हा एकच मार्ग नाही. गाभा तसाच ठेवून बाजूला किंवा मागे नवे दालन जोडता येते. जाड भिंतींचा जुना दालान खानदेशच्या मे महिन्यात नव्या स्लॅबखालच्या दालनापेक्षा थंड असतो, हे तर जोहरच्या नमाजला बसलेला प्रत्येक जण सांगेल.

दुकानदारांनी कायदा समजून घ्यावा

संरक्षित वास्तूजवळ ज्यांची जागा आहे त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूपासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आहे आणि त्यापुढचा २०० मीटरचा भाग नियंत्रित आहे. ही हद्द १९९२ च्या अधिसूचनेने आली आणि २०१० च्या दुरुस्तीने तिला कायद्यात स्थान मिळाले. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम होत नाही, असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते. नियंत्रित भागात बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते. कायदा मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्लॉट घेताना स्वस्त मिळतो म्हणून घाई करू नये. आधी अंतर मोजावे, मग सौदा करावा.

ज्या मशिदी, दर्गे, कब्रस्ताने वक्फ आहेत त्यांच्या मुतवल्लींनीही कागद जपावेत. वक्फ कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून नोंदणी आणि दस्तऐवज यांचे महत्त्व पूर्वीपेक्षा फार वाढले आहे. संदूकातले जुने कागद बाहेर काढावेत, त्यांच्या नकला कराव्यात, नोंद कुठे अडली असेल तर वकिलाला विचारावे. इमारतीचे चारही बाजूंनी फोटो काढून तारखेसह ठेवावेत. दुरुस्तीच्या वेळी हेच फोटो गवंड्यालाही उपयोगी पडतात.

रुपया कुठे जातो

आता हिशेबाचे बोलू. एखादी जमात दुरुस्तीसाठी चंदा गोळा करते. पाडून नवे बांधायचे ठरले तर त्या पैशाचा मोठा हिस्सा सिमेंट, सळई, टाइल्स आणि संगमरवरात जातो. हा माल कारखान्यातून आणि परराज्यातून येतो. गावातल्या हाताला उरतो तो थोडा रोज. उलट चुन्याने दुरुस्ती करायची ठरली तर माल स्वस्त आणि मेहनत जास्त. पैशाचा मोठा हिस्सा मजुरीत जातो, म्हणजे गावातच राहतो. तोच चंदा, पण बरकत कोणाच्या घरी जाते ते पाहा.

आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. सरकारी वास्तूंची कामे ठेकेदारामार्फत निघतात, त्यांना अनुभवाचे दाखले लागतात आणि एकट्या गवंड्याला ती सरळ मिळत नाहीत. म्हणून सुरुवात आपल्याच मशिदी, दर्गे, जुने वाडे आणि विहिरी यांपासून व्हावी. वाडे तर आपल्या हिंदू बांधवांचेही आहेत. खानदेशात चुन्याचे जुने वाडे गावोगावी आहेत आणि त्यांचे मालक चांगल्या कारागिराच्या शोधात असतात.

कारागीर बंधूंना आमच्या काही सूचना आहेत.

पहिली, चार-पाच गवंड्यांनी मिळून एक चुन्याचा हौद करावा. चुना मुरायला वेळ लागतो, म्हणून काम येण्याआधीच हौद भरलेला हवा.

दुसरी, आपल्या गावात ज्याने चुन्याचे काम केले आहे असा एखादा चाचा शोधावा, त्याच्याजवळ बसावे आणि मापे वहीत उतरवून घ्यावीत. ही वही पुढे कोणत्याही मशीनपेक्षा महाग ठरेल.

तिसरी, पूर्ण भिंत हाती घेण्याआधी हातभर जागेवर नमुना करावा आणि तो एक पावसाळा पाहावा. जो चुना जुन्या चुन्याच्या रंगाशी आणि नरमपणाशी जुळेल तोच बरोबर. जुन्यापेक्षा कडक मसाला कधी घालू नये.

चौथी, घुमटावर किंवा भिंतीत पिंपळाचे रोप दिसले की ते लहान असतानाच काढावे. मोठे झाले की मूळ दगडात शिरते आणि ते ओढून काढताना दगडही निघतो.

पाचवी, प्रत्येक कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, तारीख आणि मालकाची सही असलेली वही ठेवावी. उद्या मोठा ठेकेदार विचारेल तेव्हा हाच दाखला.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. त्यांत गवंडी, सुतार, लोहार आणि दगड घडवणारे पाथरवटही येतात. नोंदणी झालेल्या कारागिराला ओळखपत्र, प्रशिक्षण आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, तसेच हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तरतूद आहे. योजनेत व्याजाने कर्जही आहे. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी कर्ज घेऊ नये. पण कर्ज नको म्हणून ओळखपत्र, प्रशिक्षण आणि हत्यारेही सोडून देणे शहाणपणाचे नाही.

व्यापारी बंधूंसाठी एक गोष्ट. हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटच्या पोत्यांशेजारी चांगल्या कळीच्या चुन्याची चार पोती ठेवून पाहा. गिऱ्हाईक लगेच येणार नाही. पण माल गावात मिळत नाही म्हणून कारागीर सिमेंटकडे वळतो, ही सबब तरी उरणार नाही. आणि मशिदीच्या कमिटीत जे बसतात त्यांनी ठेकेदाराला एकच प्रश्न विचारावा. ही भिंत मुळात कशाने बांधली आहे? उत्तर चुना असेल, तर दुरुस्तीही चुन्यानेच व्हावी, असा ठराव करून वहीत लिहावा.

मिस्त्रीचाचांना निघताना आम्ही विचारले, तुमचा मुलगा काय करतो? म्हणाले, सुरतेला आहे, टाइल्स बसवतो, कमाई बरी आहे. मग थोडे थांबून म्हणाले, "नातू सुटीत येतो. कोणी काम दिले तर त्याला चुना मळायला शिकवीन."

काम देणे आपल्या हातात आहे. दोंडाईच्यात, शिंदखेड्यात, शिरपुरात किंवा नंदुरबारात येत्या वर्षी ज्या मशिदीची दुरुस्ती निघेल, तिची एक भिंत तरी चुन्याची व्हावी. चाचांची ताकद आहे तोवर.